बॅटरी पेटली तर बंब कुठून येणार?

मित्रहो, आज आमच्या ग्रामसभेत सोलर कंपनीचे साहेब आले होते. त्यांच्या बॅटऱ्यांचे मोठमोठे कंटेनर आमच्या वस्तीला लागून बसणार आहेत.

शेजारच्या चंद्रभागाकाकू उठल्या. “साहेब, बॅटरी पेटली तं बंब कुठून येईन?”

“सेनगावहून, तालुक्याच्या गावाहून,” साहेब म्हणाले.

“तवर आमी काय पदरानं वारा घालत बसावं?”

सभा हसली, साहेबही हसले. मग सह्यांसाठी इतिवृत्त फिरलं. मी ते मोठ्याने वाचलं: ‘चर्चा समाधानकारक झाली.’ काकूंचा प्रश्न त्यात नव्हताच!

काकू म्हणाल्या, “माझं बोलणं लिवा, मंगच अंगठा.” मग सहीसाठी कोणीच पेन उचललं नाही.

शेवटी ग्रामसेवकांना तो प्रश्न इतिवृत्तात लिहावा लागला. त्याखाली उत्तराची जागा कोरी आहे. सूर्याशी आमचं भांडण नाही. पण ती जागा भरेपर्यंत कंपनीला ग्रामसभेचा ना हरकत दाखला मिळणार नाही.

तुम्ही सभेत विचारलेलं कागदावर उतरतं का? सही करण्याआधी कधी वाचून पाहिलंत?