आईचं फोल्डर आणि यांची साफसफाई

आमच्या राजेंद्र नगरच्या घरात कम्प्यूटर दोन, आणि दोन्ही आमच्यासारखेच, उठायला वेळ लावणारे. यांचा टेबलावरचा, आणि माझा म्हणजे लेकीने नवा घेतल्यावर मला दिलेला लॅपटॉप. दोघांत मिळून बाहेरून लावायची हार्ड डिस्क मात्र एकच. सकाळी ती यांच्याकडे, जेवणं झाली की माझ्याकडे. यांची सगळी नोकरी फायली लावण्यात गेली, त्यामुळे घरात शिस्त भारीच.

माझा लॅपटॉप भरला तेव्हा मी आईची रेकॉर्डिंगं उचलून त्या डिस्कवर ठेवली. आई जायच्या आदल्या वर्षी तिला पुढ्यात बसवून चिरोटे, गुळपोळ्या सगळं विचारून घेतलं होतं. तिचा आवाज आता तेवढाच उरलाय.

एका दुपारी डिस्क लावली, तर फोल्डरच नाही!

"अहो, आईचं फोल्डर कुठंय?"

"ते होय? सकाळी डिलीट केलं," हे म्हणाले. जसं काही भाजीतलं कढीपत्त्याचं पान बाजूला काढलं. "माझ्या कम्प्यूटरवर दिसत होतं ना, मला वाटलं कॉपी आलीये. तुझं तुझ्याकडे असेलच की!"

"अहो, डिस्क म्हणजे आपलं एकच कपाट! तुम्ही उघडा नाहीतर मी उघडू, आतलं सामान तेच!"

हे चष्मा काढून पुसायला लागले. मला तर रडूच फुटलं. तसाच लेकीला फोन लावला.

"आई, थांब," ती म्हणाली. "डिस्क बाबांच्या कम्प्यूटरला लाव आणि रीसायकल बिन उघड. बाबांनी तो कधी रिकामा केलाय का?"

छे! ज्या माणसाने बंद घड्याळांचे पट्टेसुद्धा जपून ठेवलेत, तो कचरा फेकेल? बिन उघडला तर पूरा मोहल्ला तिथे बसलेला! लग्नपत्रिका, विजेची बिलं, कुणाकुणाचे गुड मॉर्निंग, आणि मध्ये माझं फोल्डर. रिस्टोअर दाबलं आणि लगेच एक रेकॉर्डिंग लावलं.

"तूप जरा सढळ घाल गं," आई बोलायला लागली. "आणि जावईबापूंना विचारत बसू नको. ते नको नको म्हणतात अन् चार खातात."

हे उभ्याउभ्या शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणतात कसे, "बघ, सांभाळून ठेवलं होतं की नाही मी?"

"हौ, फार उपकार!" म्हटलं, आणि तस्सं यांना पलासियाच्या बाजारात पिटाळलं, दुसरी डिस्क आणायला. आणली. आईचं फोल्डर तिच्यावर यांनीच चढवलं, दोनदा तपासून.