डायमध्ये अडकलेली गोळी

घाई माझ्या पाचवीलाच पुजलेली आहे. केटलमधलं पाणी उकळेपर्यंतही मला दम निघत नाही. मीटिंगमध्ये समोरच्याचं वाक्य मीच पुरं करते आणि बहुतेक वेळा चुकीचं करते. नवरा म्हणतो, तुला नेमबाजी जमते तरी कशी? जमते. रायफल खांद्याला लागली की तेवढी दोन मिनिटं मी शांत असते, एरवी नाही. नागपूरला कॉलेजात एनसीसीमध्ये शिकले होते, मग इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला नोकरी लागल्यावर जवळच्या एका रायफल क्लबात नाव घातलं.

तिथे मला हाताखाली घेतलं ते एका म्हाताऱ्या इंग्रज माणसाने. वय ऐंशीच्या पुढे, एके काळी कारखान्यात टर्नर, आता मेडनहेडला एकटेच राहणारे. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणायचे. त्यांची रायफल त्यांच्याहूनही जुनी. नळी इतकी झिजलेली की बाजारातली गोळी तिला सैल व्हायची. म्हणून ते शिसं वितळवून गोळ्या घरीच ओतायचे आणि मग एकेक गोळी डायमधून दाबून नेमक्या मापाची करायचे. डाय म्हणजे अंगठ्याएवढा पोलादी तुकडा, मधोमध गुळगुळीत भोक. हा त्यांनी स्वतः लेथवर घडवला होता, त्यांच्या रायफलच्या मापाचा. तसा दुसरा कुठे विकत मिळणारा नव्हता.

गेल्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले. वितळलेलं शिसं आणि थरथरता हात, हे काही बरं नाही. मी म्हटलं, साचा, प्रेस, डाय सगळं माझ्या शेडमध्ये ठेवा, या वेळी मी करते.

"सप्टेंबरच्या मॅचपुरत्या तीस दे," ते म्हणाले. "रायफलचा परवाना संपत आलाय आणि डोळ्यांचा भरवसा वाटत नाही. मॅचमध्ये गोळ्या एका जागी पडल्या तर नव्या परवान्याचा अर्ज करीन. नाही पडल्या तर रायफल देऊन टाकीन."

बायको गेल्यापासून त्यांचा रविवार म्हणजे तो क्लबच होता. त्या तीस गोळ्यांवर काय टांगलेलं आहे हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी बजावलं होतं, साच्यातली गरम गोळी जुन्या टॉवेलवर पडू दे, आपोआप निवू दे. पण मी ओतायला बसले तो गणपतीच्या आदल्या दिवशी. घरात नागपूरहून आलेल्या सासूबाई, मखर अर्धं, मोदकांचं पीठ यायचं होतं. निवायला कुणाला वेळ आहे? मी गार पाण्याची बादली ठेवली आणि गोळ्या सरळ तिच्यात सोडल्या. छान लखलखीत निघाल्या. वर मला माझ्याच हुशारीचं कौतुक.

त्या संध्याकाळीच डायमधून काढणार होते, पण सासूबाई शेडच्या दारात उभ्या. "अगं, उद्या बाप्पा येतायत. गणपती उठेपर्यंत हे दार उघडायचं नाही. शिशाच्या हाताने मोदक वळणार आहेस का?" नवऱ्यानेही त्यांचीच री ओढली. बरोबरच होतं त्यांचं, शिसं विषारीच. ती बादलीही विसर्जनाला चालणार नाही म्हणून दुसरी आणायला लावली. मी हो म्हटलं आणि दहा दिवस तळमळत काढले. तोंडाने आरती, टाळ्या ठेक्यात, डोकं मात्र शेडमध्ये. दोनदा किल्ली हातात घेऊन परत ठेवली.

मला माहीत नव्हतं ते असं, की चाकांचा तोल साधायला जी छोटी वजनं लावतात, टायरच्या दुकानातून आणलेल्या तसल्या वजनांचं शिसं गरम असताना पाण्यात टाकलं तर कडक होतं, आणि तिथेच थांबत नाही. पुढे कित्येक दिवस आणखी कडक होत राहतं. त्याच संध्याकाळी त्या गोळ्या मुकाट्याने गेल्या असत्या.

शनिवारी सकाळी बागेत विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी आजोबा गोळ्या न्यायला येणार होते, काडतुसं भरायला त्यांना आठवडा हवा होता. मी साडी न बदलताच शेडमध्ये पळाले. दाबण्याआधी प्रत्येक गोळीला मेण चोळायचं असतं. साडीला लागेल म्हणून मी ते जेमतेम लावलं. पहिली गोळी जोर लावल्यावर गेली. एरवी प्रेसचा दांडा दोन बोटांनी खाली येतो. दुसरीला मी अंगाचा भार टाकला. तिसरी अर्ध्यात बसली आणि दांडा ना वर, ना खाली.

तेव्हा आजोबांना फोन करायचा होता. डाय गरम करून बघायचा होता. निदान चहा प्यायचा होता. अति घाई संकटात नेई, हे गावाकडच्या रस्त्यावर लाख वेळा वाचलंय. मी डाय सोडवला, लांब स्क्रूड्रायव्हर घेतला आणि वरून हातोडी घातली. गोळी निघाली. टॉर्च लावून पाहिलं तर त्या गुळगुळीत भोकात वरपासून खालपर्यंत ओरखडा, कडेला उठलेली धार. मी तिथेच खाली बसून रडले. मग उरलेल्या गोळ्या भरपूर मेण लावून दाबल्या. प्रत्येकीच्या अंगावर एक बारीक चर उमटला. तशी गोळी सरळ जाईलच असं नाही.

रविवारी आजोबांनी चहाबरोबर मोदक खाल्ला. एक गोळी खिडकीशी धरली, चष्म्याजवळ नेली, थरथरत्या बोटांनी फिरवली.

"कशा गेल्या? अडकल्या नाहीत ना?"

"नाही," मी म्हटलं. "मस्त गेल्या."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं सासूबाई चारचौघांत सांगतात. त्या दिवशी भिजला. खरं सांगितलं असतं तर दुसरा डाय नव्हता, मॅचच हुकली असती, असं मी स्वतःला समजावलं. पण ते कारण नव्हतं. त्यांच्या हातची वस्तू मी हातोडीने बिघडवली, हे सांगायची मला लाज वाटत होती.

मॅचला मी त्यांच्या मागे दुर्बीण लावून बसले होते. तीस गोळ्या, दहा दिशांना. काही तर कागदालाही लागल्या नाहीत. शेवटच्या गोळीनंतर ते नेम धरायच्या चटईवर तसेच पालथे पडून राहिले, गाल रायफलला टेकलेला.

"डोळे गेले," ते म्हणाले.

"वारा होता," मी म्हटलं.

"वारा कुठे होता?"

गोळ्या की डोळे, मला आजही माहीत नाही. दोन्ही असेल. पण गोळ्यांवर शंका घ्यायचा हक्क त्यांचा होता आणि तो मी त्यांना दिला नाही. तेव्हा बोलता आलं असतं. आजूबाजूला माणसं आहेत म्हणून थांबले.

मग क्लबच्या टेबलाशी बसल्यावर त्यांनी त्यांचा फोन माझ्यापुढे सरकवला. "पोलिसांच्या परवाना विभागाला ईमेल लिही. नूतनीकरण नको म्हणून. मला ती अक्षरं दिसत नाहीत."

"कारण काय लिहू?"

"नजर अधू झाली. दुसरं काय?"

मी तसंच लिहिलं. त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि मी ते पाठवून दिलं.