टीव्हीचा घाम

आखातात, मनामा शहरात आमच्या खोलीवर राजापूरचा एक ड्रायव्हर होता. गावी न्यायला घेतलेला टीव्ही खोलीत मावेना, म्हणून त्याने तो गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला. थंडी पडली तशी आपली गोधडी टीव्हीला गुंडाळली आणि स्वतः कोट घालून झोपू लागला. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो टीव्ही चालू करून बघायला खाली आणून आपल्या खाटेवर ठेवायचा. आम्ही बटणाकडे हात नेला की ओरडायचा, "मफी, मफी! आत्ता नाही लावायचा! गारठ्यातनं आलाय, आधी त्याचा घाम सुकू दे." मग तासभर कुणाला हात लावू द्यायचा नाही.

एकदा मी वैतागलोच. "एवढं जपतोस, गावाकडे लावणार तरी आहेस ना?"

"लावणार तर! खांब उभे राहिलेत गावात," काच पुसत तो म्हणाला. "वीज तेवढी यायचीय. यंदा येईल, इंशाल्ला."