या जेवायला

माझ्या अन्ननलिकेत कॅन्सर निघाला, तोबी क्वचितच कुणाला होणाऱ्या जातीचा. डॉक्टर म्हणाले, औषध सोसायला अंगात ताकद पाहिजे, पोटात अन्न जायला नाकातून नळी घालू. मी न्हाई म्हणलो. पुसेगावात माझ्या शब्दाला मान हाय. तोंडावर नळी लोंबत कसा फिरू?

दवाखान्याच्या व्हरांड्यात शेजारी तांड्यावरची एक बाई बसली होती. तिच्या नाकात नळी होतीच. तिनं मांडी घातली, पदर डोईवर घेतला, आन् नळीत पेज ओतायच्या आधी सगळ्यांना म्हणाली, "या जेवायला." घरी ताटावर बसल्यावर म्हणतात, तसंच. मी मान फिरवली. "होऊ द्या" एवढंबी बोललो न्हाई.

"काहून तोंड फिरवून राहिले, दादा? चोरीचं खाऊन राहिली काय मी?" ती हसली, आन् नळी उंच धरून पेज ओतू लागली.

पुढं भुकेनं मलाबी नळी घ्यायला लावली. औषध चालू हाय. पण जेवणाच्या वखताला मी सुनेला आधी दाराची कडी लावायला सांगतो. काल शेजारी ओट्यावरून हाका मारत राहिला, मी कडी काढू दिली न्हाई. पेज पोटात उतरत होती, आन् त्या बाईचं हसणं आठवून मान वर होईना. चोरीचं तर मीच खाऊन राहिलो.