पुंजारामने न टाइप केलेला शब्द

आमच्या जिल्हा आरोग्य कचेरीच्या फाटकाबाहेर पुंजाराम टायपिस्ट बसे. घडीचं टेबल, जुनं मशीन आणि पुठ्ठा बदललेला शब्दकोश. मी आत आवक विभागात होतो. त्याच्या अर्जात मला कधी खाडाखोड दिसली नाही.

१९७४ साली मोठे साहेब दक्षिणेकडचे होते, मराठी जेमतेम वाचत. म्हणून लोक अर्ज इंग्रजीत करून आणत. मार्चमध्ये पेठकडच्या एका पाड्यावरून कोंडाजी आणि त्याची मावशी आक्काबाई आले. मी जेवणाच्या सुट्टीत तिथेच चहा घेत होतो. त्यांच्या नर्सबाई वत्सलाबाई यांच्याविरुद्ध लाकडाच्या ठेकेदाराने तक्रार केली होती, की त्या गावात राहत नाहीत. खरी गोष्ट वेगळी होती. पोटुश्या बायांना मोळ्या उचलायला लावू नका, असं बाईंनी त्याला सुनावलं होतं. सोमवारपर्यंत बाईंच्या बाजूने कुणी काही दिलं नाही, तर बदली ठरलेली.

पुंजारामने मजकूर घेतला. "खाली कुणाचं नाव?"

"नाव नको," कोंडाजी म्हणाला. "आमी त्या ठेकेदाराकडंच कामाला. लिवा, आपले हितचिंतक."

"इंग्रजीत त्याला वेल-विशर म्हणतात. पाठीशी उभा राहणारा, भलं चिंतणारा. शब्द चांगला आहे, पण मी टाइप करणार नाही."

"का? फुकट मागत नाय आमी."

पुंजारामने माझ्याकडे बोट केलं. "यांना विचारा, वेल-विशरचं पत्र आलं की काय होतं."

सांगणं भाग होतं. ज्याला निनावी चुगली करायची, तो खाली हेच लिहितो. आमचे साहेब पत्र खालून वाचत. हा शब्द दिसला की कागद बाजूला.

"ठेकेदार खोटं लिहून सही ठोकतो," पुंजाराम म्हणाला, "आणि तुम्ही खरं लिहून लपता."

आक्काबाई म्हणाली, "माझ्या सुनंचं बाळंतपण कराया बाई रातची पायी आली व्हती. घाल माझं नाव."

"आन् मला कामावरून काढलं त?"

"त माझ्या घरी नागलीची भाकर खा. नायतरी रोज खातोसच."

पत्र खाली जागा सोडून टाइप झालं. शनिवारी ते परत आलं, त्यावर त्रेचाळीस अंगठे, प्रत्येकापुढे नाव. पहिला आक्काबाईचा, दुसरा कोंडाजीचा. मी आवक शिक्का मारून ते स्वतः आत नेलं. साहेबांनी सवयीप्रमाणे खालून सुरुवात केली, आणि बराच वेळ त्यांना मजकुरापर्यंत पोहोचताच येईना.

पुढे पुंजाराम रोज विचारी, "आलं का?" मी नकारार्थी मान हलवी. एप्रिलमध्ये जावक टपालात आदेश दिसला: बाई तिथेच राहणार. मी नोंद अर्धी सोडून बाहेर गेलो. एरवी असं करत नाही.

पुंजाराम खुर्चीला टेकला. "आणि ठेकेदार?"

"तिकडून आलेला शिपाई सांगत होता, त्याने कुणालाच कामावरून काढलं नाही. त्रेचाळीस माणसं काढली तर मोळ्या कोण उचलणार?"

तो हसला. मग पाड्यावर कळवायला त्याने मराठीत पोस्टकार्ड लिहिलं. इतकी वर्षं तो दुसऱ्यांच्याच नावाने लिहीत आला होता. त्या कार्डाखाली त्याने स्वतःचं पूर्ण नाव घातलं.