भासरेबुवांची ओसरी

रिकाम्या घरासमोर डोक्यावर पदर ओढणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. कौसामाय. आणीबाणी उठली त्या साली मी आंबागडच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले. नसत्या चौकशा करायचा माझा स्वभाव. डोंगरावर अख्खं गाव दारं लावून रिकामं उभं आहे आणि एक म्हातारी ते राखते, असं कळल्यावर मला कुठली चैन! पुढच्याच रविवारी मी तिच्यामागून डोंगर चढत होते.

डोंगरटोलीची विहीर आटली, तशी माणसं खाली बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या काठी, धानाच्या बांध्यांजवळ उतरली. वर राहिली कवेलूंची छपरं, सागवानी दारं आणि पांढऱ्या छुईमातीनं पोतलेल्या भिंती. मी प्रत्येक दाराच्या फटीला डोळा लावत होते. एका घरात खुंटीला वाळलेले दोडके टांगलेले दिसले.

"हे कशाला ठेवलंत, माय?"

"बियाचे हायेत. कोनी वापस आलं त पेराले नाही लागन का?"

सगळ्यात मोठ्या घरापाशी तिनं पदर ओढला आणि वळसा घालून मागच्या बाजूनं गेली.

"भासऱ्याचं घर हाये, बाई. समोरून कशी जाऊ?"

"पण ते तर वारले ना?"

"भासरेबुवा गेले. घर त हाये ना!"

या मोठ्या दिराशी ती कधी थेट बोलली नव्हती, त्यांच्या ओसरीवर तिनं पाय ठेवला नव्हता. त्यांना तिला काही सांगायचं असलं, की ते ओसरीच्या खांबाला सांगत आणि ही आडून ऐकत असे. गाव उतरलं त्या दिवशी ते म्हणाले होते, "अरे खांबा, सांग तिले. पानी लागन त वापस येऊ. तवरिक घराइकडे पाह्यजो म्हना."

तेव्हापासून दर दिवाळीआधी ती खालून घागरीनं पाणी वाहून नेई आणि एकेक ओसरी सारवी. भासऱ्याची ओसरी मात्र शेजारणीकडून सारवून घ्यायची आणि आडून तिच्या चुका काढायची. "कोपरा राह्यला ना वो! डोये घरी ठेवून आली का?"

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात भासऱ्याचा मुलगा दयाराम सिहोऱ्याहून माणसं घेऊन वर आला. तो नवं घर बांधत होता, त्याला बापाच्या घरचं दार आणि छपराचे लाकडी फाटे हवे होते. घर त्याचंच, त्याला नाही कोण म्हणणार? पण एकाचं दार निघालं की बाकीचेही आपापली काढायला येणार, आणि मग डोंगरटोली एका पावसाळ्यातच संपली असती. मी त्या दिवशी तिच्यासोबत होते. कौसामाय सरळ समोरून आली, ओसरीवर चढली आणि उंबरठ्यावर बसली. पदर खांद्यावर घसरला होता, तो तिनं सावरला नाही. तिनं खांबावर हात ठेवला.

"अरे खांबा, सांग त्याइले. आज चढली मी ओसरीवर. घर वाचवाले चढली. माफी करजा म्हना."

दयारामनं दार उखडायला आणलेली सब्बल खाली ठेवली. "मंग काकी, दरवाजा मी कोठून आनू?"

"माह्या घरचा ने. पन याले हात नोको लावू."

त्यानं खरंच नेला. माणसांच्या खांद्यावरून दार डोंगर उतरत होतं आणि ही मागून ओरडत होती, "हळू ना बाप्पा! त्याच दरवाज्यातून आली मी सून बनून!" वाईट वाटत नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "दरवाजा चोराइसाठी राह्यते. माह्या घरी चोराले का भेटन?" बोलली हसत, पण त्या उघड्या घराकडे ती बराच वेळ पाहत होती.

ती गेली तेव्हा माझी बदली झाली होती. दिवाळीआधी मी मुद्दाम आले, पाण्याची घागर घेऊन धापा टाकत वर गेले. दारं सगळी जागेवर होती. तिच्या बिनदाराच्या घरात मोहाचा पाला साचला होता, तो झाडून काढला. मग भासरेबुवांच्या ओसरीवर शेणमाती कालवली, सारवायला बसले, आणि कुणी ऐकत नाही असं पाहून खांबाला म्हणाले,

"अरे खांबा, सांग तिले. सारवून राहिली मी. चुका काढाले ये म्हना."