ओळीच्या शेवटची मोकळी जागा

डोळे गेल्यावर ताई पुन्हा कामावर रुजू झाली, तेव्हा तिच्या खुर्चीवर दुसराच कोणी बसला होता आणि तिच्यासाठी दाराजवळ फोनचं टेबल मांडून ठेवलं होतं.

"तुमच्याच सोयीसाठी," साहेब म्हणाले.

"माझी सोय मी बघते. मी प्रोग्राम लिहिते, फोन नाही उचलत." काठीने वाट काढत ती जुन्या जागेपाशी गेली. "ऊठ रे बाबा." तो उठला.

आता कॉम्प्युटर तिला प्रत्येक ओळ कानात वाचून दाखवायचा. पण सहकाऱ्यांच्या फायली म्हणजे डोक्याला ताप! ओळीच्या शेवटी उगाच सोडलेल्या मोकळ्या जागा. "स्पेस, स्पेस, टॅब, स्पेस..." ऐकून कान किटायचे. तिने सांगून पाहिलं.

"अहो ताई, जे दिसतच नाही त्याचा कसला त्रास?" सगळे हसले.

"तुम्हाला दिसत नाही. मला ऐकू येतं."

पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी तिने हुकूम टाइप करायची कमांड लाइन उघडली आणि 'सेड' नावाच्या जुन्या हत्याराला एका ओळीत हुकूम सोडला: सगळ्या फायलींत ओळीच्या शेवटी जे मोकळं असेल ते उडव. झटक्यात सगळं साफ.

दुसऱ्या दिवशी सकाळी हलकल्लोळ. प्रत्येक फाईल बदललेली दिसत होती.

"कोणाला विचारून हात लावलात? होतं तसं करा!" साहेब कडाडले.

ताईचा आवाज ठाम होता. "नाही करणार. मोकळ्या जागा वगळून जुन्या-नव्याची तुलना करा. एक अक्षर हललेलं दाखवा."

अक्षर हललं नव्हतं. पण शेजारच्या सहकाऱ्याने एक गोष्ट पकडलीच: ग्राहकांना जाणाऱ्या निरोपात ओळीच्या शेवटी आलेल्या 'नमस्कार'नंतरची जागा उडून मागून जोडलं जाणारं नाव त्याला चिकटलं होतं.

ताईने ती तिथल्या तिथे परत घातली. "ही चूक माझी, मान्य. म्हणून बाकीचा कचरा परत आणू? मुळीच नाही."

"फार माज आलाय तुम्हाला!"

"माज नाही साहेब, काम येतं. आणि ते मी याच खुर्चीत बसून करणार."

साहेब बरेच दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. पण पुढे नियमच झाला, फाईल जमा होण्याआधी अशी साफसफाई व्हायचीच. ती आपोआप व्हावी, म्हणून लागणारा हुकूम लिहायचं काम ताईकडेच आलं.

"साहेबांशी जरा नमतं घे गं," नवरा म्हणाला.

"घेतलं असतं, तर आज फोन उचलत बसले असते," म्हणत तिने काठी उचलली आणि कामाला निघाली.